खिडकी राहिली तरच ॲप सुधारेल

दादरला पुलाखाली कोथिंबीर-पालक विकणाऱ्या मावशींच्या टोपलीला क्यूआर कोडची पाटी टेकवलेली असते. शेजारची छोटी डबी पैसे जमा झाल्याचं मराठीत ओरडून सांगते. मावशी मान वर न करता जुडी पिशवीत टाकतात. यासाठी त्यांना कुणी डिजिटल साक्षरतेचा वर्ग भरवून शिकवलेलं नाही. गिऱ्हाईक सुट्टे नाहीत म्हणायला लागलं आणि पलीकडच्या टोपलीवर पाटी लागली, एवढं कारण त्यांना पुरलं. आणि सप्टेंबर 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख-पडताळणी, सक्तीची झाली, तेव्हा अशाच कितीतरी मावशी धंदा सोडून झेरॉक्सच्या दुकानाबाहेर ताटकळल्या. साइट चालत नव्हती, ओटीपी येत नव्हता, आला तर तोवर वेळ संपलेली असायची.

बाई तीच, फोन तोच, नेटवर्कही तेच. एका ठिकाणी ती सराईत आणि दुसऱ्या ठिकाणी अडाणी कशी ठरते? शहरातल्या ‘डिजिटल समावेशना’बद्दल बोलताना या प्रश्नापासून सुरुवात करायला हवी. आपण मात्र नेहमी दुसऱ्या टोकापासून सुरू करतो. लोक मागे आहेत, त्यांना शिकवा, टॅब वाटा, चौकाचौकात वायफाय लावा, असा आपला खाक्या. हे सगळं वाईट आहे असं नाही, पण मुंबईसारख्या शहरात मूळ दुखणं तिथे नाही.

मुंबईला तारांची कमतरता कधीच नव्हती. विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, ते ज्या मोजक्या महानगरांत, त्यात मुंबई होती. समुद्राखालून देशात येणाऱ्या केबलपैकी कितीतरी वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वर येतात, म्हणजे कोळीवाड्याच्या शेजारीच. डेटा सेंटरांच्या बाबतीत मुंबई-नवी मुंबईचा पट्टा देशात पहिला आहे. पैशांची ददात म्हणावी तर महापालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74 हजार कोटी रुपयांच्या वर होता. एवढं असूनही गोवंडीच्या शिवाजीनगरात किंवा मालवणीत उत्पन्नाचा दाखला काढायचा म्हटला की आजही कुणाच्या तरी ओळखीचा मुलगा शोधावा लागतो. तेव्हा अडचण तारेत नाही. ती तारेच्या टोकाला जे दार बसवलंय त्या दारात आहे.

यूपीआय एप्रिल 2016 मध्ये आलं. ते का पसरलं याची कारणं तज्ज्ञ पुष्कळ सांगतात. मला त्यातलं एक सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि तेच फारसं कुणी बोलत नाही. रोख पैसे चालूच राहिले. नोटाबंदीचे ते दिवस सोडले, तर मावशींना कुणी ‘उद्यापासून फक्त मोबाइलवर पैसे घ्या’ असं सांगू शकलं नाही. त्यांना नाही म्हणता येत होतं. म्हणून कंपन्यांना झुकावं लागलं. पडदा वाचता येत नाही? मग बोलणारी डबी आली. नंबर टाइप करताना चुका होतात? मग चौकोनी कोड आला. साधा फोन असलेल्यांसाठी मार्च 2022 मध्ये यूपीआय 123पे आणलं गेलं. ज्याला नकार देता येतो, त्याच्या सोयीने यंत्र बदलतं.

सरकारी साइटला असा नकार ऐकावाच लागत नाही. अर्ज भरायला दुसरी जागाच नाही, म्हटल्यावर साइट कितीही वाईट असली तरी लोक येणारच. रात्री दोनला उठून येतील, पोराला शाळा बुडवायला लावून बसवतील. मग कार्यालयाकडे आकडा जातो तो ‘इतके लाख अर्ज ऑनलाइन आले’ असा, आणि त्याचंच कौतुक होतं. खिडकी बंद केल्यावर सगळी गर्दी दुसऱ्या दारातून आली यात त्या दाराचं कर्तृत्व ते काय?

म्हणून माझं म्हणणं असं की नागरिकांशी संबंधित कुठल्याही सेवेची माणूस बसलेली खिडकी बंद करायचा अधिकार कोणत्याही कार्यालयाला असता कामा नये. हे मी म्हाताऱ्याकोताऱ्यांची कणव म्हणून मांडत नाही. खिडकी उघडी असेल तरच ॲपला स्पर्धा राहील, आणि स्पर्धा असेल तरच ते माणसांच्या उपयोगाचं होईल.

लाडकी बहीणच्या ई-केवायसीचंच पुढे काय झालं बघा. लाभार्थी बाईच्या आधारवर ओटीपी, आणि त्यानंतर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरही ओटीपी, अशी रचना होती. कागदावर कुटुंबाचं उत्पन्न तपासायला ती सोयीची. पण नवरा वारला आहे, वडीलही नाहीत, अशा बाईने काय करायचं? नवऱ्याने टाकलंय आणि तो कुठे आहे ठाऊक नाही, तिने? ज्या योजनेत विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता हे गट पहिल्या दिवसापासून नाव घेऊन समाविष्ट केलेले आहेत, तिच्याच पडद्यावर त्यांच्यासाठी रकाना नव्हता. महिन्या-दोन महिन्यांच्या ओरडीनंतर मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली आणि अशा बायकांनी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचे कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यावेत असं ठरलं. पुढे असंही निघालं की प्रश्नांची भाषाच अशी गुंतागुंतीची होती की अनेकींनी ‘हो’च्या जागी ‘नाही’ निवडलं, आणि त्यांची प्रत्यक्ष पडताळणी पुन्हा अंगणवाडी सेविकांकडेच आली.

यंत्र अडखळलं की शेवटी दारात कोण उभं राहतं? अंगणवाडी सेविका. 2024 मध्ये हे अर्ज भरून घेण्यासाठी तिला अर्जामागे 50 रुपये भत्ता जाहीर झाला होता. तिचं मूळ काम पोषण आहार, मुलांची वजनं, गरोदर बायकांच्या नोंदी. या राज्याचा सगळा डिजिटल कारभार तिच्या, आशाताईंच्या, झेरॉक्सवाल्याच्या आणि कॉलेजात जाणाऱ्या भाचीच्या बोटांवर चालतो. या बोटांना त्यासाठी ना पगार, ना पद. अधिकृत आराखड्यात ती दिसतही नाहीत.

आणि त्या बोटांना ओटीपी सांगावा लागतो. इथे मला जरा थांबायचंय, कारण या विसंगतीकडे आपण फार सहज दुर्लक्ष करतो. बँक सांगते ओटीपी कुणालाही सांगू नका. मध्यंतरी फोन लावला की पलीकडच्याने उचलायच्या आत असाच इशारा ऐकवला जायचा. ‘डिजिटल अरेस्ट’च्या, म्हणजे पोलीस असल्याची थाप मारून फोनवर धमकावण्याच्या, नावाखाली निवृत्त माणसांची आयुष्यभराची पुंजी गेल्याच्या बातम्या मुंबईत आठवड्याआड येतात, त्यामुळे घरातली मुलं आई-बाबांना बजावतात की अनोळखी फोन उचलूच नका. मग हीच आई दाखल्यासाठी केंद्रावर जाते. तिथला मुलगा फोन कानाला, नजर पडद्यावर, आणि म्हणतो, “काकू, ओटीपी आला का? सांगा पटकन, टाइम जातोय.” काकूंनी काय करायचं? सांगितला तर नियम मोडला, नाही सांगितला तर दाखला गेला. ज्यांना स्वतः पडदा हाताळता येत नाही त्यांच्यासाठी दुसऱ्याच्या हातून काम करून घ्यायची सुरक्षित, कायदेशीर, नोंद राहणारी पद्धत आपण बनवलेलीच नाही. खिडकीवरच्या कारकुनासमोर ही भानगड येत नव्हती. समोर माणूस, हातात मूळ कागद, खाली सही.

ओटीपी ज्या नंबरवर येतो तो नंबर टिकवणं हाही गरिबाच्या घरात एक खर्च आहे. महिन्याचं म्हणवणारं रिचार्ज 28 दिवसांचं असतं, म्हणजे वर्षाला बाराच्या जागी तेरा रिचार्ज. जुलै 2024 मध्ये मोठ्या कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हापासून अगदी साधं रिचार्जसुद्धा दोनशेच्या आसपास गेलं. घरात चार फोन असतील तर एकाचं करायचं आणि बाकीचे वायफायवर किंवा नुसते पडून. बंद राहिलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याच कुणाला दिला जातो आणि आधारला मात्र तोच जोडलेला राहतो. मग नवा नंबर जोडायला आधार केंद्र, रांग, 75 रुपये आणि बुडालेली एक हजेरी. नाका कामगाराला तर दुहेरी मार. सिमेंट-वाळूत बोटांच्या रेषा झिजल्यामुळे अंगठा लागत नाही, आणि अंगठ्याला पर्याय म्हणून जो ओटीपी, तो जुन्या नंबरवर जातो.

फोन कुणाचा, हा प्रश्नही शहरात संपलेला नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाच्या शहरी भागातल्या 69.4 टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरतात असा मोबाइल होता. म्हणजे शहरातही दहांतल्या तिघींकडे नव्हता. आयुष्यात एकदा तरी इंटरनेट वापरलंय, असं सांगणाऱ्या शहरी स्त्रिया 51.8 टक्के आणि पुरुष 72.5 टक्के. त्यानंतर फोन वाढले असतील, नक्कीच वाढले. पण घरातला चांगला फोन सकाळी कोण कामावर घेऊन जातं हे चाळीत किंवा झोपडपट्टी पुनर्वसनाच्या (एसआरए) इमारतीत राहणाऱ्या कुणालाही विचारा. महिला-बालविकास खात्याच्या योजनेचा ओटीपी भिवंडीच्या गोदामात काम करणाऱ्या नवऱ्याच्या खिशात वाजतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे, म्हणून त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. खिडकी काय धुतल्या तांदळासारखी होती का? तहसील कचेरीतली ‘साहेब जेवायला गेलेत’ची खिडकी, शिधावाटप कार्यालयाबाहेरचे दलाल, चहापाण्याशिवाय न हलणारी फाइल, हे सगळं आपण भोगलंय. ऑनलाइन झाल्यामुळे कितीतरी कामं घरबसल्या होतात. लोकलच्या तिकिटासाठी मोबाइलवर दोन बोटं फिरवली की रांग टळते. पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे अंध माणसाला बँकेचा व्यवहार दुसऱ्याला न सांगता करता येतो, ही तर मोठीच गोष्ट आहे. मला हे काहीही मागे न्यायचं नाही.

पण दलाल गेला असं मानणाऱ्यांनी एखाद्या उपनगरातल्या तहसील कार्यालयाबाहेर तासभर उभं राहून बघावं. त्याने फक्त जागा बदलली. आधी तो खिडकीशेजारी उभा असायचा, आता लॅपटॉप घेऊन दुकानात बसतो आणि शुल्काच्या फलकावरच्या रकमेच्या किती पट घ्यायचे हे गिऱ्हाईकाच्या चेहऱ्यावरून ठरवतो. पूर्वीच्या लाचेला निदान लाच म्हणायची सोय होती. आताच्या लाचेला ‘फॉर्म भरायचे पैसे’ म्हणतात. शिवाय खिडकीवरच्या कारकुनाने हाकललं तर त्याच्या वरिष्ठाकडे जाता येत होतं. ‘सर्व्हर डाऊन’चा वरिष्ठ कोण?

राजकारण्यांच्या हे बरोबर लक्षात आलं. 2024 च्या जुलैत अनेक पक्षांच्या शाखांबाहेर ‘लाडकी बहीणचे अर्ज मोफत भरून मिळतील’चे फलक लागले होते. आत टेबल, लॅपटॉप, दोन कार्यकर्ते. बायकांची खरीच सोय झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हक्काची गोष्ट शाखेतून मिळाली की ती उपकार बनते, आणि उपकाराची परतफेड निवडणुकीत मागितली जाते. मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षं मुंबईत नगरसेवकच नव्हते, त्या काळात तर अडलेल्या माणसाला शाखेशिवाय किंवा माजी नगरसेवकाच्या कार्यालयाशिवाय दुसरी खिडकीच उरली नव्हती. सरकारने स्वतःची खिडकी बंद केली की ती जागा रिकामी राहत नाही. तिथे पक्ष बसतो, नाहीतर दुकानदार.

खिडकी पुन्हा उघडणं अवघड, खर्चिक, कालबाह्य आहे, असं कुणी म्हणालं तर त्याला ऑगस्ट 2021 ची आठवण करून द्यावी. कोविड लसीचे दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना 15 ऑगस्टपासून लोकल खुली करायचं ठरलं. क्यूआर कोडचा पास ऑनलाइन मिळणार होता. पण लोकलने जाणारे सगळेच काही ऑनलाइन पास काढू शकणार नाहीत हे ओळखून महापालिकेने मुंबईतल्या 53 स्थानकांवर मदत कक्ष मांडले. लसीचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र दाखवा, कर्मचारी तपासून शिक्का मारेल, तो कागद तिकीट खिडकीवर द्या, पास घ्या. घोषणेपासून टेबलं लागायला काही दिवस पुरले. साथ चालू असताना, कितीतरी कर्मचारी दुसऱ्या कामांना जुंपलेले असताना हे जमलं. त्याआधी तीनच महिने लसीच्या बाबतीत बरोबर उलटं झालं होतं. 18 ते 44 वयोगटाला कोविन या सरकारी साइटवर नोंदणी केल्याशिवाय लस नाही, आणि ती साइट तेव्हा इंग्रजीत. ज्यांना झटपट बुकिंग जमत होतं ते शहरी लोक गाड्या काढून बाहेरच्या ग्रामीण केंद्रांवर पोचले आणि तिथले गावकरी बाजूला उभे राहिले. मेच्या अखेरीपासून थेट केंद्रावर नोंदणीची मुभा मिळायला लागली, आणि सर्वोच्च न्यायालयानेही केंद्र सरकारला या डिजिटल दरीबद्दल सुनावलं. तीच मुंबई, तेच वर्ष, तोच मोबाइल. फरक पडला तो टेबलाने.

कायद्याचा पायाही आपल्याकडे आहे. 30 एप्रिल 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. प्रकरण होतं ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्यांचं आणि अंध व्यक्तींचं. केवायसीचा कॅमेरा ‘डोळे मिचकावा’ म्हणतो, आणि पापण्याच जळून गेलेल्या माणसाने मिचकावायचं काय? न्यायालयाने केवायसी सर्वांना करता येईल अशी करण्यासाठी वीस निर्देश दिले. हा निकाल फक्त अपंगांपुरता वाचला जाऊ नये. अंगठा न लागणारा गवंडी आणि नवऱ्याचा ओटीपी नसलेली विधवा याच रांगेत उभे आहेत.

महाराष्ट्रात तर 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत, मुदत चुकली तर दोन अपिलं, मग आयोग, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड. चांगला कायदा आहे. पण त्याचं घड्याळ सुरू होतं ते अर्ज दाखल होऊन पोच मिळाल्यावर. ओटीपीच आला नाही, अपलोडला फोटो मोठा म्हणून साइटने हाकललं, पैसे भरताना पान अडकलं, तर अर्ज दाखलच झालेला नसतो. अर्ज नाही म्हणून पोच नाही, पोच नाही म्हणून मुदत नाही, आणि मुदत नाही म्हटल्यावर अपील कशाविरुद्ध करणार? जुन्या कारकुनाने अर्ज नाकारला तर निदान साक्षीदार असायचे. आता नकाराची नोंदसुद्धा होत नाही, आणि म्हणून वरच्यांना वाटतं की सगळं सुरळीत आहे.

एवढी एक दुरुस्ती झाली तरी बरंच काही हलेल. अर्ज पूर्ण होऊ शकला नाही तरी नागरिकाला त्या प्रयत्नाची पोच मिळावी, तारीख-वेळ आणि कारणासह, आणि ती घेऊन महापालिकेच्या विभाग कार्यालयातल्या नागरी सुविधा केंद्रात किंवा दाखले देणाऱ्या सेतू केंद्रात गेलं की तिथल्या माणसाने कागद बघून अर्ज घेणं बंधनकारक असावं. मुदतीचं घड्याळ पहिल्या प्रयत्नापासून मोजावं. तिथे बसणारा माणूस पगारी असावा, त्याच्या नावाची पाटी टेबलावर असावी, आणि दुसऱ्याच्या वतीने अर्ज भरताना ओटीपी तोंडी मागण्याऐवजी अर्जदाराची सही किंवा समोरासमोरची ओळख ग्राह्य धरली जावी. तिसऱ्या व्यक्तीच्या, मग तो नवरा असो की बाप, ओटीपीवर कुणाचाही हक्क अडकवून ठेवणारी योजना काढायचीच नाही. भाषेचं म्हणाल तर ही महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांच्या शाळा चालवते. ज्या संस्थेला आठ भाषांत गणित शिकवता येतं तिला चार ओळींची सूचना त्या भाषांत सांगता येऊ नये, हे पटण्यासारखं नाही.

यातलं काहीही तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. उलट खिडकीवर गर्दी कुठल्या कामासाठी होते हे दर महिन्याला मोजलं तर कुठला फॉर्म वाईट आहे हे कुठल्याही सल्लागार कंपनीच्या अहवालाशिवाय कळेल. फॉर्म सुधारला की ती गर्दी आपोआप ओसरेल. ओसरली नाही, तर खिडकी राहू द्यावी. काही लोकांना माणसाशीच बोलायचं असतं आणि करदाते म्हणून तेवढा त्यांचा हक्क आहे.

चार वर्षांनी महापालिकेत पुन्हा नगरसेवक आले आहेत. गटार, पाणी, खड्डे यांच्यावर ते बोलतीलच. आपल्या प्रभागातले किती अर्ज गेल्या महिन्यात सुरू झाले आणि त्यातले किती अर्धवट राहून कुठल्या टप्प्यावर मेले, हा आकडा त्यांनी सभागृहात एकदा मागून बघावा. आकडा असेल तर तो विभाग कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लागू दे. नसेल, तर कुठलंही नवं ॲप मंजूर करण्याआधी तो मोजायला लावावा.